लोकोमॅट: चालण्याचा सराव करून घेणारं यंत्र

झ्युरिकच्या बाल्ग्रिस्ट रुग्णालयात १९९०च्या दशकात मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवलं जायचं. वरून सोडलेल्या पट्ट्यांनी रुग्णाला तोलून धरायचं, दोन फिजिओथेरपिस्टनी दोन बाजूंना बसायचं आणि त्याचे पाय हातांनी उचलून पुढे ठेवायचे. या कामात रुग्णाआधी थेरपिस्टच थकायचे. सराव वाढवायचा तर हातांची जागा यंत्राला द्यायला हवी होती. अभियंता गेरी कोलंबो आणि न्यूरॉलॉजिस्ट फोल्कर डिट्झ यांच्या गटाने त्यासाठी घडवलेलं यंत्र म्हणजे लोकोमॅट. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००० साली प्रसिद्ध झाला. कोलंबो आणि सहकाऱ्यांच्या होकोमा कंपनीने ते जगभर पोहोचवलं. आज मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच्या रुग्णांसाठीही ते वापरलं जातं.

लोकोमॅटवर रुग्णाच्या शरीराचं काही वजन पट्ट्यांवर पेललं जातं. पायांना बाहेरून धातूचा सांगाडा जोडतात. त्याच्या खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर मोटारी असतात, तर पाऊल लवचिक पट्ट्यांनी उचलून धरलेलं असतं. सुरुवातीला मांडी आणि पोटरीची मापं घेऊन सांगाडा जुळवावा लागतो. यंत्राने किती मदत करायची आणि किती वजन पेलायचं, हे थेरपिस्ट ठरवतो. ती मदत हळूहळू कमी करत नेण्यातच त्याचं कसब आहे. सगळं काम मोटारींनीच केलं, तर रुग्ण नुसता लटकून राहतो आणि स्नायूंना व मेंदूला फारसं काही शिकायला मिळत नाही.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचं वेष्टन ठिकठिकाणी सोलून निघावं, तसं होतं. संदेश अडखळतात, पाय जड किंवा ताठर होतात, तोल जातो. आजार बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे नोकरी आणि संसाराच्या ऐन वर्षांत सुरू होतो. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. सोबतीला असतो तो न दिसणारा थकवा. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी अनेकांची लक्षणं काही काळ बळावतात. म्हणून सराव थंड खोलीत आणि मधे विश्रांती घेत करावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

एकाच जागी शेकडो पावलं टाकणं कंटाळवाणं असतं. इथे आभासी जग मदतीला येतं. समोरच्या पडद्यावर रुग्णाची प्रतिमा वाटेवरून चालते, आणि पायांनी किती जोर लावला हे सेन्सर मोजत असल्यामुळे खरा प्रयत्न केला तरच ती पुढे सरकते किंवा वळते. इटलीत मेसिना इथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमएसच्या ४० रुग्णांना दोन गटांत लोकोमॅटवर चालवलं गेलं. एका गटाला आभासी जगाची जोड होती, दुसऱ्याला नव्हती. जोड मिळालेल्या गटात आजाराला सामोरं जाण्याची मानसिक तयारी अधिक सुधारलेली दिसली. दीर्घ आजारात हा लाभ लहान नाही.

पण यंत्र माणसाच्या हातांपेक्षा सरस आहे का? इटलीतल्याच फेरारा इथल्या ‘रॅगटाइम’ या चाचणीत एमएसमुळे चालणं फार अवघड झालेले ७२ रुग्ण होते. काहींना लोकोमॅटवर, तर काहींना थेरपिस्टच्या मदतीने जमिनीवर चालवण्यात आलं. २०२० साली निष्कर्ष आला: जमिनीवरच्या नेटाच्या सरावापेक्षा यंत्र सरस ठरलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या वालेन्स इथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तर सरावाने आलेली सुधारणा सहा महिन्यांनी ओसरलेली आढळली.

या निष्कर्षांमुळे लोकोमॅट निरुपयोगी ठरत नाही. ज्याला दोन माणसांच्या आधारानेही उभं राहता येत नाही, त्याला ते सुरक्षितपणे पावलं टाकू देतं आणि थेरपिस्टची पाठ वाचवतं. मात्र यंत्र मायलिन परत आणत नाही. चालण्यात सुधारणा होते ती पुन्हापुन्हा, प्रयत्नपूर्वक केलेल्या सरावाने, आणि तो थांबला की लाभही ओसरू लागतो. म्हणून महागड्या यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, खर्च प्रशिक्षित न्यूरो-फिजिओथेरपिस्टवर व्हायला हवा. असे थेरपिस्ट जिल्ह्याच्या गावीही मिळायला हवेत.

घरात कुणाला एमएस असेल, तर रोबो असलेल्या केंद्राची वाट पाहत महिने घालवू नका. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे आजच सराव सुरू करा. पुढे यंत्राची संधी मिळाली, तर तीन प्रश्न जरूर विचारा: मदत टप्प्याटप्प्याने कमी केली जाईल ना? थकवा आणि उष्णता सांभाळली जाईल ना? आणि सत्रं संपल्यावर घरी काय करायचं, हे कोण शिकवणार?