घास पुन्हा शिकताना

मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर होतो, हे आपण गटाच्या बैठकीत नेहमी बोलतो. पण जिभेचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली की पुढे काय, हे फारसं कुणी सांगत नाही. आज आपण तेच समजून घेऊ.

जीभ फक्त चवीसाठी नसते. घास दाताखाली फिरवायचा, त्याचा गोळा करायचा, घशाकडे ढकलायचा, ही सगळी तिची कामं. तिचा भाग काढला की घास गालात अडकतो, लाळ गळते, पाणी श्वासनळीकडे जाऊन ठसका लागतो. म्हणून सुरुवातीला नाकातल्या नळीतून अन्न देतात. नळी दिसली की घरचे घाबरतात. पण जखम भरेपर्यंत पोटात अन्न जावं, यासाठीच ती असते.

गिळणं पुन्हा शिकता येतं. ते शिकवतात स्पीच थेरपिस्ट. नावावरून वाटतं ते फक्त बोलणं शिकवतात, पण गिळण्याचे व्यायामही तेच देतात. घरी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, "गिळण्याची तपासणी कधी? व्यायाम कोणते?" राहिलेली जीभ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवणं, तोंड उघडण्याचा सराव, असे व्यायाम असतात. रेडिएशन घेतलं असेल तर तोंड कोरडं पडतं, जबडा आखडतो. तेव्हा सराव सोडू नये.

कुणाला पातळ पेज सोपी जाते, तर कुणाला पातळानेच ठसका लागतो आणि दाट खिमट बरं पडतं. म्हणून शेजारणीचं ऐकून ठरवू नका, तपासून सांगितलेलंच द्या. ताठ बसवून, छोटा घास, घाई नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. तोंड स्वच्छ ठेवा. जेवताना वारंवार ठसका, घशात घरघर, ताप किंवा वजन उतरणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

आता मनाचं. जेवायला तास लागतो, ओठातून सांडतं, बोललेलं कळत नाही. मग ती सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी एकटीच बसते. हळदीकुंकवाला येत नाही, बैठकीलाही येत नाही. आम्हाला वाटतं, इथेच आपलं काम सुरू होतं. तिचं ताट पंगतीतच वाढा, पण टक लावून बघू नका. तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या. नाहीच कळलं तर "परत सांग ना" म्हणा, उगीच मान डोलावू नका. लिहिता येत असेल तर पाटी द्या. बैठकीत तिचं मत विचारा, सही तिचीच घ्या. आणि "तंबाखू खाल्लीस म्हणून झालं" हे वाक्य घरात नको. सोडायला मदत करा, टोमणा मारू नका.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, रडू थांबत नाही किंवा जगणं नको वाटतंय, असं दिसलं तर टेली-मानसच्या 14416 या मोफत नंबरवर फोन करा. तिला बोलायला जमत नसेल तर तिच्याशेजारी बसून तुम्ही बोला. मरणाचं बोलत असेल तर तिला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या.

या आठवड्यात आपल्या वस्तीत अशी कुणी बहीण आहे का, बघा. तिला बैठकीला आणायला दोघीजणी जा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!