मधल्या पानांचा डाव

गौरी जेवल्या, आरत्या झाल्या, की जागरणासाठी पत्त्यांचा कॅट बाहेर काढायचा, हा कोथरुडातल्या आमच्या घरचा जुना शिरस्ता. सतरंजीवर सहा माणसे, मध्ये चिंचोक्यांची रास आणि खेळ तीन पत्तीचा. तीन एक्के आले तर काय करावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. दुर्री, चौकी, सत्ती अशी फुटकळ पाने खाली ठेवायलाही फारशी अक्कल लागत नाही. माणूस फसतो तो मधल्या पानांवर. एका वर्षी आम्ही पंजीच्या जोडीवर चाळीस चिंचोके घालवले, तेव्हापासून या पानांचा विचार आम्हांला सुटलेला नाही.

प्रथम हिशेब पाहू. बावन्न पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत, म्हणजे चारांतून जवळजवळ तीन वेळा, साधी जोडीही नसते. तेव्हा पंजीची जोडी पाहून छाती फुगली तर नवल नव्हे. समोर एकच भिडू असेल तर ती पाचांतून सुमारे चार वेळा जिंकते. परंतु पाच भिडू टिकून राहिले तर पाचही जणांना मागे टाकावे लागते, आणि तसे तिनांतून जेमतेम एकदा घडते. जोडी तीच, माणसे वाढली तशी तिची किंमत उतरली.

त्यातही हा हिशेब आपली थोडी खुशामतच करतो. समोरच्याला पाने कशीही आली असतील असे त्यात धरले आहे. जो आंधळा खेळतो आहे त्याच्यापुरते ते खरे, कारण त्याने पाने पाहिलेलीच नाहीत. पण पाने पाहून, आंधळ्याच्या दुप्पट चाल भरून जो मुकाट्याने बसला आहे, तो फुटकळ पानांवर बसलेला नसतो (थापाड्या असला तर गोष्ट वेगळी, असा एक प्रत्येक घरात असतो). म्हणून मधली पाने हाती आली की आपल्या पानांकडे पुनःपुन्हा पाहू नये. कोण उरले आहे आणि त्याने पाने पाहिली आहेत काय, हे पाहावे. आपली पाळी शेवटी असली तर हे फुकट कळते, पहिली असली तर पैसे मोजून. मागच्या भिडूने पाने पाहिली असतील तर त्याच्याकडे साइड शो मागावा. तो कबूल झाला आणि आपण हरलो, तर निदान पुढच्या चाली वाचतात.

आमचे चाळीस चिंचोके मात्र हिशेबापायी गेले नाहीत. दहा घातल्यावरच समोरचे दोघे हटणार नाहीत हे दिसत होते. पण ‘इतके घातले, आता कसे सोडायचे?’ या एका विचाराने उरलेले तीस गेले. राशीत पडलेला चिंचोका आपला राहिलेला नसतो, हे त्या वेळी सुचले नाही.

परदेशी पोकरमध्ये, त्याच्या आज रूढ असलेल्या प्रकारात, हातात दोनच पाने येतात आणि मग मधली तीन उघडतात. तिथे लहान जोडीला तिसरे तसेच पान पहिल्या तिनांत साडेआठांतून एकदा मिळते. म्हणून जाणते खेळाडू ती स्वस्तात मिळाली तर खेळतात, महाग पडली तर टाकतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पाने येण्यापुरते ते आम्हांला मान्य आहे. पाने टाकणे मात्र नशिबाकडे नसते. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचा सहा महिन्यांचा पगार मोबाइलवरच्या डावांत गेला, तो वाईट पानांवर नव्हे, अशाच बऱ्या पानांवर. संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तोवर त्याचे कर्ज होऊन चुकले होते.

गेल्या जागरणाला आमच्या हाती पुन्हा पंजीची जोडी आली. तिघे पाहून खेळत होते. आम्ही दोन चिंचोके घालून पाने खाली ठेवली. शेवटी शो झाला आणि डाव जिंकला तो नुसत्या राजावर! आमची जोडी सहज जिंकली असती. ती हळहळ सकाळच्या चहापर्यंत पुरली.