मिरीपूड पळते, जंतू पळत नाहीत

हात धुण्याचं महत्त्व सांगताना बालवाडीत एक प्रयोग हमखास होतो. ताटलीत पाणी घेऊन त्यावर मिरीपूड भुरभुरवतात आणि साबण लावलेलं बोट मधोमध टेकवतात. पूड झर्रकन कडेला जाते, मुलं टाळ्या वाजवतात आणि बाई सांगतात, "बघा, साबणाला घाबरून जंतू कसे पळाले!"

प्रयोग देखणा आहे, पण त्याचा जंतूंशी संबंध नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण त्या जागी कमी होतो, वरचं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि तरंगणारी पूड त्याच्याबरोबर जाते. हातावरचे जंतू असे पळत नाहीत. ते त्वचेवरच्या तेलकट थरात आणि मळात अडकलेले असतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चोळल्यावर तो थर सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. काम होतं ते चोळण्याने. मिरीचा प्रयोग पाहिलेलं चार वर्षांचं मूल साबणाला बोट लावून मोकळं झालं, तर त्यात त्याची चूक नाही. आपण त्याला तेच दाखवलेलं असतं.

त्याऐवजी मुलाच्या हाताला खोबरेल तेलाचे दोन थेंब आणि चिमूटभर दालचिनीची पूड चोळा. (हळद नको, तिचा डाग राहतो.) आधी हात नुसत्या पाण्याखाली धरू द्या. पूड बरीचशी तशीच राहते. मग साबण लावून बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांपाशी चोळू द्या आणि पूड कुठे उरली ते मुलालाच शोधू द्या. अंगठ्याची मागची बाजू आणि नखांच्या कडा हमखास राहून जातात, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. चोळायला वीस सेकंद लागतात. एक ते वीस अंक सावकाश, मोठ्याने म्हणायचे.

"हात स्वच्छच तर आहेत" हा समज मुलांपेक्षा मोठ्यांचा. जेवणानंतर हात खरकटे दिसतात म्हणून आपण ते नीट धुतो, जेवणाआधी मात्र नुसतं पाणी लावतो. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात जेवणाआधी साबणाने हात धुणारी कुटुंबं देशात शंभरात जेमतेम ३६ निघाली. मुलं हेच पाहून शिकतात.

आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे गोड खाल्लं की जंत होतात. पोट दुखलं, मूल झोपेत दात खाऊ लागलं की आजी गुळाचा डबा वर ठेवते. गोड कमी खाणं दातांसाठी चांगलंच, पण साखरेतून जंत जन्माला येत नाहीत. ते अंड्यांतूनच येतात. मोठ्या जंतांची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात आणि मातीच्या हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीतून तोंडात येतात. सुतासारख्या बारीक कृमींची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. तिथे खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात आणि सकाळी तोच हात तोंडात जातो. म्हणून गुळाच्या डब्यापेक्षा मुलाची नखं तपासा. अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका.

भीती घालून मूल लवकर शिकतं, हाही एक समज. "जंतू पोटात जाऊन चावतील" असं ऐकलेलं मूल बिचकतं, पण हात कधी धुवायचे हे त्याला त्यातून कळत नाही. शिवाय सगळेच जंतू वाईट, हे खोटं आहे. रात्री दुधाला विरजण लावताना मुलाला जवळ बसवा आणि सकाळी घट्ट दही दाखवा. ते काम जंतूंचंच. मातीतही खुशाल खेळू द्या. फक्त "मातीने प्रतिकारशक्ती वाढते" म्हणून खाण्याआधीचं हात धुणं टाळू नका. खेळणं वेगळं, विष्ठेतले जंतू पोटात जाणं वेगळं.

महागडा जंतुनाशक साबण लागतोच असंही नाही. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला. जुलाबही तितकेच घटले, आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला. गरम पाण्याचीही गरज नाही. सॅनिटायझर प्रवासात ठीक, पण चिखल किंवा तेल लागलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि लहान मुलाने तो प्यायला तर विषबाधा होते.

तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हे तर सरळ चूक. जुलाबाचे जंतू तिच्यातही असतात, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण हवाच.

नळ नसला तरी अडत नाही, तांब्याने वरून धार धरली तरी पुरे. सगळ्यांनी एकाच बादलीत हात बुचकळणं तेवढं टाळा. बेसिनपाशी पाट ठेवा, साबण मुलाच्या हाताला येईल इतका खाली आणा आणि पानावर बसण्याआधी त्याच्याबरोबर तुम्हीही हात धुवा.