आणायचे पाणी आणि वाटायचे पाणी

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान झाले. त्याच दिवशी आणखी एक नोंद महत्त्वाची होती. पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी किती, याची. जेमतेम महिनाभर आधी, १९ सप्टेंबरला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने एक आदेश दिला होता. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर वरच्या नाशिक-नगर जिल्ह्यांतील धरणांतून खाली पाणी सोडावे, असा त्याचा मथितार्थ. एक तारीख, दोन निर्णय. प्रचारात सिंचन घोटाळा दणाणून गाजला. या आदेशावर तुमच्या पक्षाची भूमिका काय, असे विचारणारे मात्र फारसे भेटले नाहीत, आणि सांगणारे त्याहूनही कमी.

निवडणुकीत पाण्याचा विषय नसतो असे नाही. उलट, पाण्याच्या बाजूने नसलेला उमेदवार आजवर कोणी पाहिलेला नाही. पण त्याच्या भाषणातले क्रियापद नेमके ऐकावे. ते बहुतेक वेळा ‘आणू’ असते. ‘वाटू’ हे क्रियापद जाहीर सभेत क्वचितच ऐकू येते. आणायचे पाणी भविष्यातले असते, त्याच्यावर कोणाचा हक्क नसतो, त्यामुळे ते सगळ्यांनाच देता येते. वाटायचे पाणी आजचे असते. एका तालुक्याला दिले की दुसऱ्याचे कमी होते, आणि मतदार दोन्हीकडे असतात.

‘आणू’ची परंपरा जुनी आणि एका अर्थी न्याय्यही आहे. कृष्णेच्या पाण्याचेच पाहा. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर आपल्या हिश्शाचे पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, ही भीती १९९५ नंतरच्या युती सरकारने राजकारणाच्या मध्यभागी आणली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे निघाले, भूमिपूजनांचा धडाका लागला. मग विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा अशी आणखी महामंडळे आली. प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात दाखवायला एक धरण किंवा निदान एक कोनशिला मिळाली. पैसा मर्यादित आणि कामे अमर्याद, त्यामुळे बहुतेक प्रकल्प अर्धवट राहिले. सरकारे बदलली, तरी ही पद्धत कोणी बदलली नाही.

२०१२ मध्ये तिचा हिशेब समोर आला. आधीच्या दहा वर्षांत सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्चूनही राज्याचे सिंचनक्षेत्र १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेले, असे राज्याच्याच आर्थिक पाहणीतील आकडे सांगत होते. उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, चितळे समिती हे सारे वाचकांना आठवत असेल. पुढे काय झाले, ते मात्र कमी लोकांच्या ध्यानात आहे. त्यानंतरच्या अनेक आर्थिक पाहणी अहवालांत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ एवढेच छापून येत राहिले. ज्या आकड्याने एक निवडणूक फिरवली, तो आकडाच रकान्यातून गेला. ‘आम्ही इतके पाणी आणले’ हा दावा तपासायचा तरी कशावर?

‘वाटू’चा कायदा आपल्याकडे नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००३ मध्ये राज्याची जलनीती आली आणि २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा. या कायद्याच्या कलम १२(६)(क)चा आशय साध्या भाषेत असा: टंचाईचा भार खोऱ्यातील सर्वांनी सारखा उचलावा, त्यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असे नियंत्रण करावे. घरात धान्य कमी असले की थोरल्या-धाकट्याच्या पानात सारखेच वाढावे, इतका सरळ हा विचार. विधिमंडळाने तो मंजूर केला. ज्यांनी केला, त्यांतल्या अनेकांना त्याची जाणीव पुढे दुष्काळ पडल्यावर झाली असावी.

गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात त्याची कसोटी लागली. इथे दोन्ही बाजूंना इतिहास आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. वर दारणा (१९१६) आणि भंडारदरा (१९२६) ही ब्रिटिश काळातली धरणे. त्यांच्या पाण्यावर नगर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. ‘आमचे पाणी आधीचे’ हे तिथल्या शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. खाली जायकवाडी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. पण नियोजनात धरले होते त्याहून जास्त पाणी पुढे वरच अडवले गेले. धरण मोठे आणि येवा तुटपुंजा, अशी मराठवाड्याची तक्रार आहे. तीही खोटी नाही. या दोन सत्यांमध्ये मार्ग काढायला हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. २०१३ च्या त्याच्या अहवालातून ६५ टक्क्यांचा निकष आला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

तेव्हापासून पावसाने ओढ दिली की एकच नाटक नव्याने उभे राहते. २०१५, २०१८, २०२३. पात्रे बदलतात, संवाद तेच. वरच्या भागातले आमदार, मग ते सत्तेतले असोत वा विरोधातले, पाणी सोडायला विरोध करतात. खालच्या भागातले, त्याच पक्षांचे, पाणी सोडा म्हणून रस्त्यावर उतरतात. २०२३ चा ऑक्टोबर तर लक्षात ठेवावा असा आहे. १९७० मध्ये मंजुरी मिळालेल्या निळवंडे धरणाचे जलपूजन आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, जायकवाडीसाठी ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला: मुळेतून २.१०, गंगापूरमधून ०.५०, दारणा समूहातून २.६४३ आणि भंडारदरा-निळवंडे मिळून प्रवरेतून ३.३६. प्रत्यक्ष पाणी निघायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधल्या काळात मोर्चे, रास्ता रोको आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार, सगळे झाले. ‘आणू’चा सोहळा आणि ‘वाटू’चा आदेश यांत चार दिवसांचे अंतर. पहिल्याच्या वेळी व्यासपीठ पुरले नाही, दुसऱ्याच्या वेळी सही करायला अधिकारी पुढे आणि नेते मागे.

यावरून एक गोष्ट दिसते. पाण्याच्या प्रश्नावर उमेदवाराची भूमिका त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात शोधण्यापेक्षा त्याचे गाव धरणाच्या वर आहे की खाली, हे नकाशात पाहिले तर लवकर सापडते. भीमेच्या खोऱ्यातही हेच. २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला उचलण्याचा निर्णय झाला, तेव्हा इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे हेच सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर पेटले. त्यांच्याच पक्षाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील यांना निर्णय रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. पालकमंत्री जिल्ह्याचा असतो, आमदार तालुक्याचा, आणि नदी दोघांनाही ओळखत नाही. एकाच माणसाने दोन काठांवर उभे राहायचे कसे?

तेव्हा वाटपाची गोष्ट बोलून निवडून येताच येत नाही, हा निष्कर्ष काढायचा का? मला तो मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगोला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख त्या दुष्काळी तालुक्यातून अकरा वेळा निवडून आले. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि देशमुख यांनी १९९३ पासून आटपाडीत ज्या पाणी परिषदा भरवल्या, त्यांत मागणी पाण्याची होती तशीच वाटपाच्या पद्धतीचीही होती. प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, पाण्याचा हिस्सा. त्याआधी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकराचे पाणी, जमिनीपेक्षा माणसावर ठरणारा हक्क आणि उसाला बंदी असे नियम घालून दाखवले होते. पुढे टेंभू योजनेचे पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोहोचले. उपसा योजनांची वीजबिले थकू लागली, तेव्हा ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, असे सूत्र ठरले. म्हणजे पाणी ‘आणल्या’वरही ते रोज विकत आणावे लागते. हे वाक्य कोकणातून गोदावरीत पाणी उचलण्याच्या प्रत्येक आश्वासनाशेजारी लिहून ठेवावे.

उसाचा उल्लेख आला आहे, तर तोही टाळता येत नाही. लागवडीखालील सुमारे चार टक्के क्षेत्रावरचे हे पीक सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा घेते, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने सांगितले आहे. जुलै २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे केले. त्यानंतर लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका झाल्या. या सक्तीचे काय झाले, हे सांगत मते मागणारा उमेदवार मला आढळला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्या गाडीचे स्वागत मात्र सगळ्यांनी केले.

पाण्याविषयी गेल्या वीस वर्षांत घेतलेली सर्वांत मोठी राजकीय भूमिका तर कोणत्याच सभेत मांडली गेली नव्हती. २००३ च्या धोरणात पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. मंत्र्यांची उच्चाधिकार समिती सिंचनासाठी बांधलेल्या धरणांचे पाणी शहरांना आणि उद्योगांना देत होती. अमरावतीजवळच्या औष्णिक प्रकल्पाला दिलेल्या अप्पर वर्ध्याच्या पाण्यावरून आंदोलन उभे राहिले. २०११ मध्ये शेतीचा क्रम उद्योगाच्या वर आणला, आणि त्याची बातमी झाली. त्याच वर्षी कायदा बदलून क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार नियमन प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे दिला आणि समितीचे जुने निर्णयही पक्के केले. याची बातमी फारशी झाली नाही. एका हाताने शेतकऱ्याला दुसरा क्रमांक दिला, दुसऱ्या हाताने तो क्रमांक पाळायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. जो राज्य जलआराखडा पाहून प्रकल्पांना मान्यता द्यायची, तो आराखडाच नसताना मान्यता कशा दिल्या गेल्या, हे उच्च न्यायालयापुढे आले तेही प्रदीप पुरंदरे यांच्यासारख्या अभ्यासकाने जनहित याचिका केली म्हणून. विरोधी पक्षाने केली म्हणून नव्हे.

जलयुक्त शिवारवर मात्र पक्षांत खरा मतभेद दिसला. २०१४ च्या अखेरीस योजना आली, २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी ९,६३३ कोटींच्या खर्चाच्या मानाने परिणाम तोकडा असल्याचे म्हटले, आघाडी सरकारने चौकशी लावली, युती परतल्यावर योजनाही परतली. नाला किती खोल खणला यावर दोन्हीकडून पुष्कळ बोलले गेले. त्यात मुरलेले पाणी कोणाच्या विंधन विहिरीने उपसायचे, यावर कोणीच नाही.

२०१९ मध्ये भाजपच्या संकल्पपत्रात समुद्राला मिळणारे १६७ टीएमसी पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याचे आणि मराठवाड्यातील अकरा धरणे जलवाहिनीने जोडण्याचे आश्वासन होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला मंजुरी मिळाली: ४२६ किलोमीटरचा कालवा, ८७ हजार कोटींहून अधिक खर्च. प्रचार रंगला तो लाडक्या बहिणींवर. डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाचे खातेवाटप झाले तेव्हा जलसंपदा खाते दोघांत विभागले गेले. गोदावरी आणि कृष्णा खोरी राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे, बाकीची गिरीश महाजन यांच्याकडे. विखे पाटील शिर्डीचे, म्हणजे वरच्या भागातले. पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळवले तर नगर आणि मराठवाडा यांचे भांडणच उरणार नाही, ही त्यांच्या वडिलांची, बाळासाहेब विखे पाटलांची, जुनी मांडणी आणि त्यांचीही. काँग्रेसमधून भाजपमध्ये येताना ती बदलली नाही, बदलण्याचे कारणही नव्हते. दरम्यान मेंढेगिरी निकषांचा फेरविचार करणाऱ्या नव्या अभ्यासगटाने जायकवाडीची ६५ टक्क्यांची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली आहे. मर्यादा जितकी खाली, तितक्या कमी वर्षी वरची दारे उघडावी लागतील. या दिवाळी अंकाचा वाचक नाशिकचा असेल तर त्याला हे वाचून बरे वाटेल, परभणीचा असेल तर नाही. दोघांनीही आपापल्या आमदाराला त्यावर एका वाक्यात लेखी उत्तर मागून पाहावे. मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून, खाली पक्षाचे नाव काय आहे ते झाकून वाचावीत.