काच पुसण्याआधी बादलीतले पाणी तपासावे लागते

हैदराबादच्या माधापूर भागातील ‘सायबर टॉवर्स’ या गोलाकार इमारतीचे उद्घाटन १९९८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या पाव शतकात गच्चीबावली, नानकरामगुडा, रायदुर्गम या परिसरात काचेने मढवलेल्या कार्यालयांची रांगच उभी राहिली. या काचा पुसणारे कामगार दोरावरून खाली उतरू लागले की पाहणाऱ्याचे लक्ष उंचीकडे जाते. त्यांच्या कमरेजवळ लटकणाऱ्या बादलीत काय कालवले आहे, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. काचेचे आयुष्य आणि काही वेळा कामगाराचा जीवही त्या बादलीवर अवलंबून असतो.

मूळ मिश्रण अगदी साधे आहे. दहा लिटर स्वच्छ पाण्यात भांडी घासण्याचे द्रव साबण चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर. बादली आधी पाण्याने भरावी व द्रव नंतर हलक्या हाताने मिसळावे, नाहीतर फेसच फार होतो. साबणाचे काम दोन गोष्टींपुरते असते: धूळ व तेलकटपणा सुटा करणे आणि रबरी पाते काचेवरून अडखळू न देणे. नवशिका कामगार हमखास साबण वाढवतो. मग काचेवर पातळ थर उरतो, त्यावर पुन्हा धूळ बसते आणि आठवडाभरात तक्रार येते. प्रत्यक्षात दोष बहुधा जास्तीच्या साबणाचाच असतो.

हैदराबादेत खरी अडचण पाण्याची आहे. हे शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे आणि पश्चिमेकडील अनेक इमारतींची बाहेरच्या वापराची गरज बोअरवेल व टँकरवर भागते. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, तर दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही काचेला चालेलच असे नाही. लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असलेले एक लिटर पाणी काचेवर सुकले, तर जवळजवळ एक ग्रॅम पांढरी भुकटी मागे राहते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात तापलेल्या काचेवरचे पाणी पाते फिरण्याआधीच उडून जाते. म्हणून अनुभवी मुकादम सकाळी पश्चिमेची बाजू घेतो आणि दुपारनंतर पूर्वेची.

यावर उपाय म्हणजे आरओ आणि रेझिनच्या गाळणीतून काढलेले, क्षार जवळपास शून्यावर आणलेले पाणी. ते लांब दांड्याच्या ब्रशमधून सोडले तर साबणही लागत नाही व पुसावेही लागत नाही. सुकल्यावर मागे काही उरतच नाही. पाच-सहा मजल्यांपर्यंत ही पद्धत चालते. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते, ही मात्र टंचाईच्या शहरात न परवडणारी बाब.

डाग एकदा बसला की आम्लाचा मोह होतो. ताज्या चुनखडीच्या डागाला पातळ व्हिनेगर पुरते. ते काचेवर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. जुन्या, काचेत मुरलेल्या सिलिकायुक्त डागांवर व्हिनेगरचा परिणाम होत नाही. अशा वेळी बाजारातली लेबल नसलेली बाटली पुढे येते आणि तिथेच धोका सुरू होतो. काचेचे डाग घालवणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते काचच कुरतडते. त्वचेवर पडल्यास सुरुवातीला फारसे दुखत नाही, पण आत झिरपून ते शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि मोठ्या प्रमाणात गेल्यास हृदय बंद पडू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ असल्याशिवाय आणि प्रशिक्षणाशिवाय या द्रव्याला हात लावू नये.

दोराचे गणित याहून दुर्लक्षित आहे. नायलॉनचा दोर आम्लाने कमकुवत होतो. पॉलिएस्टरचा आम्ल सहन करतो, पण तीव्र अल्कली त्याला खाते. हे नुकसान नेहमी डोळ्यांना दिसत नाही. संडास साफ करण्याचे आम्ल बादलीत ओतणारा कामगार आपल्याच दोराशी खेळत असतो. म्हणून उंचीवर नेण्याचे मिश्रण शक्य तितके उदासीन असावे आणि डागांचे काम दोर सुरक्षित ठेवता येईल अशा ठिकाणाहूनच करावे. तीव्र आम्ल व तीव्र अल्कली दोन्ही ॲल्युमिनियमच्या चौकटींचा मुलामा घालवतात. अमोनियायुक्त क्लीनर रंगीत फिल्मला मारक ठरतात आणि रॉकेलसारखी द्रव्ये रबरी पट्ट्या फुगवतात. ब्लीचमध्ये आम्ल मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो व अमोनिया मिसळल्यास क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत. बंद जिन्यात बादली तयार करणाऱ्यांनी एवढे तरी पाठ करावे.

गोव्यात हीच कृती जशीच्या तशी लागू होत नाही. जांभ्या दगडाच्या प्रदेशातले पाणी तुलनेने मृदू असल्याने पांढऱ्या डागांचा त्रास कमी. पण किनाऱ्यालगतच्या काचांवर समुद्राचे मीठ बसते. मीठ पाण्यात सहज विरघळते, तेव्हा साबण लावण्याआधी साध्या पाण्याने भरपूर धुणे हेच निम्मे काम. वाळू न धुता पाते ओढल्यास मात्र कायमचे ओरखडे उठतात. जुन्या घरांतील शिंपल्यांच्या खिडक्यांना तर व्हिनेगर दाखवूही नये. ती तावदाने म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, आणि आम्ल त्यांनाच विरघळवते. त्यांना मऊ ब्रश व ओलसर फडके पुरते.