ख्रिस्ती जीवनातील मूर्तिपूजेची संकल्पना आणि अनन्य भक्ती

प्रस्तावना

'मूर्तिपूजा' हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडताच देव्हारा, देऊळ, अभिषेक, नैवेद्य अशी चित्रे त्याच्या मनात उभी राहतात. त्यामुळे ख्रिस्ती धर्मातील मूर्तिपूजेचा निषेध म्हणजे एका धर्माने दुसऱ्या धर्माच्या उपासनापद्धतीवर घेतलेला आक्षेप, असाच त्याचा अर्थ बहुधा लावला जातो. असा आक्षेप इतिहासात घेतला गेला, त्याला सत्तेची जोडही मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बायबलमधील संदेष्ट्यांनी मूर्तिपूजेचा आरोप सर्वांत अधिक वेळा ज्यांच्यावर केला, ते लोक परके नव्हते. स्वतःला परमेश्वराची प्रजा म्हणवणारेच ते लोक होते. या संकल्पनेचा रोख मुळात श्रद्धावंताच्या स्वतःच्या अंतःकरणाकडे आहे आणि अनन्य भक्ती ही तिची दुसरी बाजू आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

शब्दाचा घोटाळा

गैरसमजाचे एक मूळ भाषांतरात आहे. हिब्रू बायबलमध्ये या अर्थाने एकच शब्द येत नाही. 'पेसेल' म्हणजे कोरून घडविलेली वस्तू. 'एलीलीम' म्हणजे पोकळ, निरुपयोगी गोष्टी. ग्रीक नव्या करारातील 'एइदोलोन' या शब्दाला आकार, छाया, आभास अशा अर्थच्छटा आहेत. या शब्दांत असत्याचा, फसवणुकीचा सूर आहे. मराठीतील 'मूर्ती' या शब्दात तो मुळीच नाही. आपल्याकडे मूर्ती ही प्राणप्रतिष्ठेनंतर पूज्य ठरणारी गोष्ट आहे. 'मूर्तिमंत' हे विशेषण तर आपण स्तुतीसाठीच वापरतो. परिणामी 'लोभ ही मूर्तिपूजा आहे' हा पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील विचार मराठीत काहीसा चमत्कारिक वाटतो. लोभी माणसाच्या घरी मूर्ती असेलच असे नाही, मग ही पूजा कोणती, असा प्रश्न वाचकाला पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की पाषाणाचा विषय मागे पडतो आणि निष्ठेचा विषय पुढे येतो.

जुन्या करारातील विचार

दहा आज्ञांमध्ये अन्य देव न मानण्याची आणि कोरीव प्रतिमा न करण्याची आज्ञा लागोपाठ येते. या दोन आज्ञा वेगळ्या मानाव्यात की एकच, याविषयी ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक व ल्यूथरन परंपरा त्यांना एकच पहिली आज्ञा मानतात. रिफॉर्म्ड आणि ऑर्थोडॉक्स परंपरा प्रतिमेविषयीची आज्ञा दुसरी म्हणून मोजतात. हा केवळ मोजणीचा तपशील नव्हे. दोन्ही एकत्र वाचल्या की प्रतिमेचा निषेध हा अन्यदेवनिषेधाचाच विस्तार ठरतो. वेगळ्या वाचल्या की प्रतिमा हाच स्वतंत्र दोष होतो. पुढील काळातील कितीतरी वाद या फरकातून वाढले.

प्रतिमा घडविणे हेच पाप असते, तर त्याच निर्गम ग्रंथात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडविण्याची आज्ञा आली नसती. अरण्यात मोशेने पितळेचा सर्प केला, तोही परमेश्वराच्याच सांगण्यावरून. परंतु याच सर्पाची पुढील हकीकत बोलकी आहे. कित्येक शतकांनंतर लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. म्हणजे देवाने दिलेले साधनही मूर्ती होऊ शकते. वस्तू तीच होती, लोकांची दृष्टी पालटली होती.

सोन्याच्या वासराची कथा सर्वपरिचित असली तरी तिच्यातील एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. मोशे सीनाय पर्वतावरून परतण्यास विलंब झाल्यामुळे लोक अस्वस्थ झाले. अहरोनाने त्यांच्या दागिन्यांतून वासरू घडविले आणि दुसऱ्या दिवशी परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव जाहीर केला. लोकांना देव बदलावयाचा होता असे कथेवरून निश्चित म्हणता येत नाही. त्यांना मिसरातून सोडविणारा देवच हवा होता, पण हाताशी असणारा, वाट पाहावयास न लावणारा, आपल्या सोयीने पुढे चालणारा. मूर्तिपूजेचे मर्म या कथेत जितके उलगडते तितके अन्यत्र क्वचितच. देवाचे नाव तेच ठेवून त्याला आपल्या हुकमतीत आणणे, हे देवाला नाकारण्यापेक्षा अधिक सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक धोक्याचे आहे.

इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासातील लोकांना उद्देशून यहेज्केल संदेष्ट्याने हा विचार आणखी पुढे नेला. त्याच्याकडे सल्ला विचारण्यासाठी आलेल्या वडीलजनांनी आपल्या मूर्ती अंतःकरणातच स्थापिल्या आहेत, असे तो सांगतो. हे वडीलजन देवाचे वचन ऐकण्यासाठीच येऊन बसले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या निषेधाची विधायक बाजू अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आढळते. परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर संपूर्ण हृदयाने, संपूर्ण जिवाने व संपूर्ण शक्तीने प्रीती करावी, असा त्या उपदेशाचा आशय असून तो यहुदी लोकांच्या नित्यपाठात 'शेमा' या नावाने आहे. हिब्रू विचारात हृदय हे केवळ भावनेचे स्थान नसून विचार आणि संकल्प यांचेही स्थान आहे. 'शक्ती' या शब्दाचा अर्थ मिश्नामध्ये धनसंपत्ती असाही लावला आहे. अर्थात येथे अपेक्षित असलेली प्रीती बुद्धीला आणि तिजोरीला वगळून करता येणारी नाही. होशेय संदेष्ट्याने तर हे नाते विवाहाच्या रूपकात मांडले, आणि मूर्तिपूजेला व्यभिचाराचे नाव दिले. मोडलेल्या नियमापेक्षा मोडलेल्या विश्वासाचे दुःख त्याच्या वाणीत अधिक आहे.

नव्या करारातील वळण

येशूच्या काळातील यहुदी समाज कोरीव मूर्तींपासून कटाक्षाने दूर राहणारा होता. तेव्हा येशूच्या उपदेशात पाषाणमूर्तींविषयी जवळजवळ काहीच नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. त्याने नाव घेतले ते धनाचे. देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे सांगताना शुभवर्तमानात धनासाठी 'मम्मोन' हा अरामी शब्द जसाच्या तसा ठेवला आहे, जणू ते एखाद्या प्रतिस्पर्धी धन्याचे विशेषनाम असावे. मार्काच्या शुभवर्तमानातील धनवान मनुष्य लहानपणापासून सर्व आज्ञा पाळीत आला होता. येशूने त्याच्यावर प्रीती केली असे तेथे आवर्जून सांगितले आहे. तरीही सर्वस्व विकून गरिबांना देण्याची गोष्ट निघताच तो खिन्न होऊन निघून गेला. त्याच्या घरी मूर्ती नव्हती, परंतु जिच्यावाचून राहता येत नाही अशी वस्तू होती.

करिंथ येथील मंडळीपुढे प्रश्न निराळा होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, याविषयी तेथे वाद होता. पौलाने मूर्ती ही वस्तुतः काहीच नाही हे मान्य केले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या ज्ञानाच्या बळावर दुर्बळ बंधूची सदसद्विवेकबुद्धी दुखावणाऱ्यांना त्याने दोष दिला. ज्ञानाचा गर्वही देवाची जागा घेऊ शकतो, हे त्यात सूचित आहे. योहानाच्या पहिल्या पत्राचा शेवट मूर्तींपासून दूर राहण्याच्या आवाहनाने होतो; आणि नवल असे की, त्यापूर्वी त्या पत्रात मूर्तींचा विषय कोठेही आलेला नाही. आलेला आहे तो देवावर प्रीती असल्याचे म्हणत बंधूचा द्वेष करणाऱ्यांचा.

रोमन साम्राज्यात हा प्रश्न जिवावर बेतला. बिथुनिया-पंत प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजन यास पाठविलेल्या पत्रावरून असे दिसते की, ख्रिस्ती असल्याचा आरोप आलेल्यांना सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करावयास सांगितले जाई. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती राजनिष्ठेची साधी खूण होती. नकार देणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता की, अंतिम निष्ठा कोणाची.

प्रतिमांचा वाद आणि त्यापलीकडे

आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने पवित्र चित्रांविरुद्ध मोहीम उघडली. दमास्कसच्या योहानाने चित्रांची बाजू मांडली आणि ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने परमेश्वरालाच देय असलेली आराधना आणि प्रतिमांना दाखविला जाणारा आदर यांत भेद केला. सोळाव्या शतकात हा भेद पुन्हा वादात सापडला. झुरिकमध्ये १५२४ साली झ्विंग्लीच्या प्रभावाखाली चर्चमधील प्रतिमा काढून टाकण्यात आल्या. या वादांचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रतिमा काढून टाकल्याने मूर्तिपूजा संपते का, हा प्रश्न मात्र येथे महत्त्वाचा आहे.

मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत पहिल्या आज्ञेचे जे विवेचन केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर मिळते. मनुष्याचे हृदय ज्याच्यावर विसंबून राहते तोच खऱ्या अर्थाने त्याचा देव, असे त्याचे प्रतिपादन आहे. संपत्ती ही जगातील सर्वांत प्रचलित मूर्ती होय, असे तो म्हणतो. आणि तिच्या पाठोपाठ विद्वत्ता, सत्ता, कुल व प्रतिष्ठा यांची गणना करतो. महाविद्यालयीन वाचकाने या यादीतील पहिल्या नावाशी क्षणभर थांबावे. ल्यूथरच्या मते सर्वांत मोठी मूर्तिपूजा तर धार्मिक माणसाचीच असते : आपल्या सत्कृत्यांवर भरवसा ठेवून देवाला ऋणी समजणे. १९९२ च्या कॅथलिक प्रश्नोत्तरावलीनेही मूर्तिपूजा अन्य उपासनांपुरती मर्यादित न ठेवता सत्ता, सुख, वंश, राज्यसंस्था व पैसा यांना देवाच्या ठिकाणी मानण्यास तेच नाव दिले आहे. ज्या दोन परंपरांत प्रतिमांविषयी शतकानुशतके मतभेद राहिले, त्या या मुद्द्यावर एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत.

मग अनन्य भक्ती म्हणजे कुटुंब, विद्या, देश यांच्यावर प्रीतीच करू नये, असा अर्थ होतो काय? ऑगस्टिनने त्याचे उत्तर प्रीतीच्या क्रमात शोधले. त्याच्या मते सृष्टीतील वस्तू चांगल्याच आहेत; दोष आहे तो साधनाला साध्य मानण्यात. मूर्ती बहुधा वाईट वस्तूची होत नाही. चांगल्या वस्तूची जागा चुकली की ती मूर्ती होते. देशप्रेम हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मनीत नाझी राजवटीला अनुकूल असलेले ख्रिस्ती लोक राष्ट्र आणि वंश यांत ईश्वरी प्रकटीकरण पाहू लागले, तेव्हा १९३४ च्या बार्मेन घोषणापत्राने ख्रिस्तावाचून अन्य कोणत्याही सत्तेला देवाच्या प्रकटीकरणाचा उगम मानण्यास नकार दिला. तेथे कोरीव मूर्तीचा प्रश्न नव्हता, पण पहिल्या आज्ञेचा होता.

मराठी भूमीवरील अनुभव

मराठी भाषकांच्या प्रदेशात या संकल्पनेचा इतिहास क्लेशकारक प्रसंगांनी सुरू होतो. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. आत्मपरीक्षणासाठी असलेली आज्ञा सत्तेच्या हाती गेली की ती दुसऱ्याच्या घरावर चालविण्याचे हत्यार बनते, याचा हा पुरावा होय. सत्तेवरील असा भरवसा हीच ल्यूथरच्या व्याख्येप्रमाणे मूर्तिपूजा ठरेल, ही त्यातील विसंगती.

१५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे कार्य याच साष्टीत झाले. १६१६ मध्ये राचोल येथे मुद्रित झालेले त्याचे 'क्रिस्तपुराण' सुमारे ११ हजार ओव्यांचे आहे. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना गाण्यावाचण्यास काही उरले नव्हते, ही उणीव त्या ग्रंथाच्या निर्मितीमागे होती. निषेधाने देव्हारा रिकामा करता येतो; अंतःकरण रिकामे राहत नाही. स्टीफन्सने ते ओळखले, आणि भक्तीची भाषा त्याने येथील ओवीतूनच घेतली.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पुन्हा निषेधाचाच स्वर उंचावला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ मधील जाहीर वाद प्रसिद्ध आहे. अशा वादांतून मूर्तिपूजेचा अर्थ 'हिंदूंची उपासना' एवढाच उरला, आणि ख्रिस्ती श्रोत्याला स्वतःची झडती घेण्याची गरज भासेनाशी झाली. वस्तुतः नवसासाठी दगडाच्या देवांमागे धावणाऱ्यांना नामदेव व तुकाराम यांनीही खडसावले होते. एकनिष्ठ भक्तीचा आग्रह या भूमीला नवा नव्हता.

हा दुवा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी जोडला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यांच्या अभंगांत मूर्तींच्या खंडनापेक्षा ख्रिस्ताच्या प्रेमाची ओढच अधिक आहे. अन्य निष्ठा गळून पडाव्यात इतके एका निष्ठेने मन व्यापावे, हा तो भक्तिमार्ग.

या मार्गाची कसोटी त्यांच्या अखेरच्या वर्षांत लागली. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी दीर्घकाळ सेवा केली होती. मिशनचे वेतन, परकीय मंडळींचे पाठबळ आणि चर्चची चौकट या गोष्टी वाईट नव्हत्या. त्यांच्यावर संसार चालला होता. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे पाऊल पटले नाही. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्था या दृष्टीने तो प्रयत्न अयशस्वी ठरला, असे म्हणावे लागते. परंतु संस्थेचा आधार सोडण्यासाठीच जो निघाला होता, त्याच्या प्रयत्नाचे मोजमाप संस्थेच्या आयुर्मानाने कितपत करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.