आवाज अडवणारे शिल्प

माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर काम करतात. घरी ते मोठ्याने बोलतात आणि आम्ही त्याहून मोठ्याने. मागांच्या खडखडाटात वीस-बावीस वर्षे काढल्यावर कान असेच होतात. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने ध्वनिशास्त्रावर लिहिण्याचा हा आगाऊपणा वाचकांनी गोड मानून घ्यावा.

आवाज अडवायचा तर भिंत जाड हवी, अशी आपली समजूत. ती खोटी नाही. स्वर जितका खर्जातला, तितकी भिंत जड लागते. परंतु नुसत्या मांडणीनेही आवाज अडतो, हे एका शिल्पाने दाखविले. स्पेनचे शिल्पकार एउसेबिओ सेम्पेरे यांचे हे शिल्प माद्रिदला आहे. गोल ओट्यावर पोकळ पोलादी नळ्या ओळीने उभ्या, दर १० सेंटिमीटरवर एक. १९९५ साली व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी त्यातून ध्वनी सोडून पाहिला. सेकंदाला सुमारे १६७० कंपनांचा, शिट्टीसारखा उंच स्वर पलीकडे क्षीण झाला. वाऱ्याला मात्र वाट मोकळीच!

या स्वराची एक लाट हवेत सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. प्रत्येक रांगेवरून थोडा ध्वनी परततो. दुसऱ्या रांगेवरून परतणाऱ्याला जाता १० व येता १० सेंटिमीटर, म्हणजे नेमकी एक लाट, जादा चाल पडते. त्यामुळे दिंडीतल्या टाळकऱ्यांप्रमाणे परतणाऱ्या साऱ्या लाटांचे पाऊल एकत्र पडते, त्यांचे बळ वाढते आणि ध्वनी मागे फिरतो. सेम्पेरे १९८५ सालीच वारले. आपण काय उभारले, हे त्यांना कळलेच नाही.

खर्जाची लाट मात्र कित्येक हात लांब. तिच्यासाठी नळ्या लावायच्या तर सगळी शेड नळ्यांनीच भरेल. २००० साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. शिशाच्या लहान गोळ्यांना मऊ सिलिकॉन रबराचे वेष्टन देऊन त्या कठीण इपॉक्सीत बसविल्या. ठरावीक स्वर आला की गोळी लाटेच्या उलट झुलते आणि तिचा जोर मारते. सुमारे ४०० कंपनांच्या स्वराला दोन सेंटिमीटरची फळी पुरली. अशा घडविलेल्या पदार्थांना मेटामटेरिअल म्हणतात.

हे सारे मी वडिलांना सांगितले. दोनदा सांगावे लागले.

“बोटभर फळीनं आमची शेड गप्प हुईल?”

“एकच सूर गप्प होईल, आण्णा.”

“आणि बाकीचं रे?”

मागाच्या खडखडाटात सूर अनेक असतात. सध्या मी त्यांना कानात घालायचे बोळे आणून दिले आहेत. ते घालत नाहीत.